मुख्याध्यापकांचा वर्ग कोणता?

पंचायत समितीचं सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, पुढे पडद्यावर पीपीटी. तज्ज्ञ मार्गदर्शक प्रत्येक स्लाइड शब्दन् शब्द वाचून दाखवताहेत. विषय आहे 'आनंददायी अध्ययन'. पहिल्या दोन रांगा रिकाम्या, शेवटच्या दोन गच्च. साडेअकराला चहा-बिस्किटं, मग हजेरीपत्रकावर सह्या, मग पुन्हा स्लाइडा. मधल्या रांगेत एक बाई मांडीवर गठ्ठा घेऊन वह्या तपासत बसल्यात. वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या या बाईंना मूल कसं शिकतं ते सांगितलं जातंय, आणि तुमच्या वर्गात काय होतं हे दिवसभरात कुणी त्यांना एकदाही विचारलेलं नाही.

अशा सभागृहांत मी दोन्हीकडे बसलो आहे. मागच्या रांगेत वह्या तपासल्या आहेत, आणि नंतर सुलभक म्हणून पुढे उभं राहून स्लाइडाही वाचल्या आहेत. दोन्हीकडून वाटायचं ते एकच: इतकी अनुभवी माणसं एका छताखाली बसली आहेत आणि दिवस फुकट चाललाय. दोष कुणा एकाचा नसतो. मोठ्या माणसांना शिकवणं ही निराळी विद्या आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती कुणी शिकवलेलीच नसते.

या विद्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत तो शालेय नेतृत्वाच्या जोडीनं शिकवतात. मराठीत नाव सांगायचं तर शैक्षणिक नेतृत्व आणि प्रौढ अध्ययन. नाव ऐकून गोंधळ होणं साहजिक आहे. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकातला फ्लेक्स येतो आणि प्रौढ शिक्षण म्हटलं की कंदिलाच्या उजेडात पाटी गिरवणारे आजोबा. या दोघांची सोयरीक जुळली कशी?

साध्या कारणानं. मुख्याध्यापक झालेला माणूस हळूहळू मुलांच्या वर्गातून बाहेर पडतो. मोठ्या शाळेत तर आठवड्याला दोन-चार तासिका मिळाल्या तरी खूप. मग त्याचे विद्यार्थी कोण? शिक्षकखोलीत बसलेले शिक्षक, पंचविशीतल्या नव्या शिक्षणसेवकापासून निवृत्तीला सहा महिने उरलेल्या गुरुजींपर्यंत. त्याशिवाय पालक, आणि शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षणहक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. म्हणजे शाळा चालवणं हे बहुतांशी मोठ्या माणसांना शिकतं ठेवण्याचं काम आहे. डी.एड.-बी.एड.ला आपण बालमानसशास्त्र घोकतो. मोठ्यांच्या मानसशास्त्राचा पेपर मात्र नसतो.

यावर एक अभ्यास वाचण्यासारखा आहे. २००८ साली न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी दोन सहकाऱ्यांसह तोवरची संशोधनं एकत्र करून पाहिली. मुख्याध्यापक जी जी कामं करतात त्यांपैकी कशाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो, हा प्रश्न. शाळेत शिस्तीचं, सुरक्षित वातावरण राखणं: ०.२७. पैसा आणि माणसं विचारपूर्वक लावणं: ०.३१. ध्येयं ठरवणं ०.४२, अध्यापनाचं नियोजन आणि पाहणी करणं तेवढंच, ०.४२. आणि शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन त्यात स्वतः सहभागी होणं: ०.८४. हे आकडे 'परिणाम-आकार' नावाच्या मापातले आहेत. आकडा मोठा तितका संबंध घट्ट, एवढं कळलं तरी पुरे. शेवटचा आकडा मोजक्याच अभ्यासांतून आलेला आहे, तेव्हा तो कार्यालयाच्या भिंतीवर रंगवायची घाई नको. पण त्यातले 'स्वतः सहभागी होणं' हे शब्द निसटू देऊ नका. दीपप्रज्वलन करून, दोन शब्द बोलून कामाच्या गडबडीत निघून जाणारे साहेब या ०.८४ मध्ये धरलेले नाहीत.

आता मोठी माणसं शिकतात कशी, हा या अभ्यासक्रमाचा गाभा. मुलांना शिकवण्याच्या शास्त्राला पेडॅगॉजी म्हणतात. प्राचीन ग्रीसमध्ये श्रीमंताघरच्या मुलाला शाळेत पोचवणारा गुलाम म्हणजे 'पायडागोगोस', त्यावरून हा शब्द आला. पण चाळिशीच्या माणसाचं बोट धरून त्याला कुठे नेणार? त्याच्यासाठी अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकानं १८३३ मध्ये 'अँड्रागॉजी' असा शब्द वापरला. तो पुढे बराच काळ अडगळीत पडला. अमेरिकेत माल्कम नोल्स यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी तो बाहेर काढला आणि त्याभोवती एक मांडणी उभी केली. आज या विषयाचा कुठलाही वर्ग बहुधा तिथूनच सुरू होतो.

नोल्स यांचं म्हणणं समजायला भाजी मंडईत जावं. गाडीवर कोथिंबीर विकणाऱ्या मावशींनी क्यूआर कोडचा व्यवहार कुठल्या वर्गात शिकला? गिऱ्हाईक सुटे पैसे आणेना, शेजारच्या गाडीवर फोन दाखवून खरेदी होऊ लागली, मग शिकल्या. कुणाकडून? लेकाकडून, नाहीतर गिऱ्हाइकाकडूनच. पहिले चार दिवस पैसे जमा झाल्याचा आवाज येईपर्यंत जुडी हातातच धरून ठेवायच्या. मोठ्या माणसाच्या शिकण्याची सगळी लक्षणं इथे दिसतात. गरज आधी, धडा नंतर. 'हे मी का शिकू?' याचं उत्तर तोंडासमोर. शिकलेलं आजच्या आज वापरायचं, दहावीला प्रश्न येईल म्हणून साठवून ठेवायचं नाही. आणि कधी, किती, कुणाकडून शिकायचं याचा निर्णय तिचा तिचा.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या गाठीशी असते: अनुभव. मुलाच्या पाटीवर लिहायला जागा असते, मोठ्याची पाटी भरलेली असते. नवं लिहायचं तर जुन्याशी कुठेतरी जोडून लिहावं लागतं, कधी जुनं पुसावं लागतं, आणि पुसताना दुखतं. 'आम्ही असंच शिकलो, काही बिघडलं का आमचं?' हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात एकदा तरी ऐकू येतं. नवखा सुलभक त्याला विरोध समजतो आणि तावातावानं पुढची स्लाइड लावतो. खरं तर ती भरलेली पाटी बोलत असते. तिथे थांबून 'तुम्ही कसे शिकलात ते सांगा' म्हटलं की खोलीतली हवा बदलते.

भीतीबद्दल पुस्तकं जेवढं बोलतात त्यापेक्षा जास्त बोलायला हवं असं माझं मत आहे. मूल चुकलं तर पाच मिनिटं हिरमुसतं. गावात 'गुरुजी' म्हणून मान असलेला माणूस सहकाऱ्यांसमोर चुकला तर ती गोष्ट त्याला वर्षभर टोचते. म्हणून तो हात वरच करत नाही. मागच्या दोन रांगा गच्च का असतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

नोल्स यांच्यावर टीकाही झाली. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात मुलांचं शिकणं आणि मोठ्यांचं शिकणं यांच्यात 'विरुद्ध' हा शब्द होता. १९८० च्या आवृत्तीत त्यांनी तो काढला आणि एकाकडून दुसरीकडे जाणारी वाट असल्यासारखी मांडणी केली. सगळेच प्रौढ स्वयंप्रेरित नसतात आणि सगळी मुलं परावलंबी नसतात, हे त्यांनाही पटलं होतं. आपल्याकडे याचा एक खास नमुना आहे. शिक्षकांना विचारा, 'तुमच्या शाळेसाठी काय करायला हवं?' उत्तर येतं, 'सर, फॉरमॅट पाठवा, भरून देतो.' शासननिर्णय, लिंक, 'आजच सायंकाळी पाचपर्यंत माहिती सादर करावी' हे मेसेज, यांनी वर्षानुवर्षं घडवलेला हा स्वभाव आहे. नोल्स यांचा स्वयंप्रेरित प्रौढ त्याच्या आत असतोच. संध्याकाळी तोच माणूस स्वतःच्या हिमतीवर यूट्यूब बघून ठिबकची दुरुस्ती शिकतो. शाळेच्या फाटकातून आत शिरताना मात्र तो प्रौढ बाहेर ठेवून यावा लागतो.

दुसरं नाव ऐकू येतं जॅक मेझिरो यांचं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मेझिरो प्राध्यापक होते. तिथे १९३० पासूनच प्रौढ शिक्षणात डॉक्टरेटची सोय होती. मेझिरो यांनी १९७० च्या दशकात संसारातून पुन्हा कॉलेजात परतलेल्या बायकांचा अभ्यास केला. या बायका नवी माहिती तर मिळवत होत्याच, पण स्वतःकडे बघण्याची त्यांची चौकटच बदलत होती. अशा बदलाची सुरुवात बहुतेक वेळा एका अवघडलेल्या क्षणापासून होते. आजवर बरोबर वाटत आलेलं अचानक लागू पडेनासं होतं. मग माणूस चिडतो, स्वतःला तपासतो, दुसऱ्या कुणाशी बोलतो, नव्या भूमिकेत चाचपडतो. बचत गटाच्या बँकेच्या कामासाठी पहिल्यांदा एकटी तालुक्याला गेलेली बाई परत येते ती थोडी वेगळी होऊन, हे महाराष्ट्रातल्या गावोगावी लोकांनी पाहिलं आहे. मेझिरो यांनी त्याला 'परिवर्तनशील अध्ययन' म्हटलं. नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात याचा उपयोग असा की शिक्षक बदलायला तयार नाही म्हणून त्याच्यावर शिक्का मारण्याआधी त्याची चौकट हलेल असं काही घडलंय का, हे बघायला शिकतात.

तिसरे ब्राझीलचे पाउलो फ्रेरे. १९६३ मध्ये आंजिकोस या गावात त्यांच्या पद्धतीनं सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवल्याचं प्रसिद्ध आहे. शब्द निवडले ते मजुरांच्या जगण्यातले. वीट हा शब्द वाचता वाचता वीट कोण भाजतो, घर कुणाचं उभं राहतं, यावर बोलणं व्हायचं. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगात गेले. कष्ट करणाऱ्या मोठ्या माणसाला 'कमळ बघ, बदक बघ' वाचायला लावणं हा त्याचा अपमान आहे, एवढं जरी फ्रेरे वाचून कळलं तरी फी वसूल झाली म्हणायची.

आपल्या मातीत याची मुळं नाहीत असं कुणी समजू नये. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसा राबणाऱ्याला दिवसा शाळेत बोलावून उपयोग नाही, ही अँड्रागॉजीची पहिली अट त्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता ओळखली होती. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर राज्यभर पसरली. अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. शिकणं ही गावाच्या प्रतिष्ठेची गोष्ट करणं, ही त्यातली युक्ती. अडचण एकच: समारंभ संपल्यावर वाचायला हातात काही नसेल तर अक्षरं पुन्हा पुसली जातात. पुढे २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, आणि २०२२ पासून १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी 'उल्लास'. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी शालेय आणि अनौपचारिक शिक्षण एकाच छपराखाली आणलं. शालेय प्रशासन आणि प्रौढ शिक्षण ही दोन खाती वेगळी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोघांचं काम पाहावं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा ८ मार्च २०१६ ला सुरू झाली. गुलाबी साड्यांतल्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. फोटोतली गंमत सोडा, पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांना अंगठ्याऐवजी सही करावीशी वाटते, आणि शाळेची वेळ दुपारची, म्हणजे घरचं काम उरकल्यावरची असते, या दोन गोष्टींत निम्मा अभ्यासक्रम आला.

मग पदवीसाठी नेमकं काय करावं लागतं? साधारण दोन वर्षं. वर सांगितलेले सिद्धांत एका बाजूला; दुसऱ्या बाजूला शाळेचं अंदाजपत्रक, कायदे, मनुष्यबळ, माहितीचं विश्लेषण, प्रशिक्षणाची आखणी आणि त्याचं मूल्यमापन. परदेशात बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष शाळेत किंवा संस्थेत ठरावीक तास काम करावं लागतं. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत प्राचार्यपदासाठी परवाना लागतो आणि त्याची वाट बहुधा पदव्युत्तर पदवीतून जाते. इंग्लंडनं मुख्याध्यापकांसाठी १९९७ मध्ये वेगळी पात्रता आणली, मध्यंतरी ती सक्तीची केली आणि २०१२ मध्ये सक्ती काढूनही टाकली. पदवीनं नेता घडतो का, याबद्दल तिथेही एकमत नाही.

आपल्याकडे गाडी सेवाज्येष्ठतेच्या रुळावरून जाते. खासगी माध्यमिक शाळेत पदवी, बी.एड., ठरावीक वर्षांचा अनुभव आणि यादीत वरचं नाव, की खुर्ची. काल विज्ञान शिकवणारे सर आज वेतन देयकं, शालेय पोषण आहार आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीशी झुंजत असतात. शिकवायला ते उत्तम असतीलही, पण हे काम त्यांनी आधी कधी केलेलं नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांनीही वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. हे ५० तास पुन्हा त्याच सभागृहात, त्याच स्लाइडांसमोर गेले तर काय होईल, हे सांगायला नको.

शिकायचं असेल तर वाटा आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका शिक्षकांत 'डीएसएम' म्हणून ओळखीची आहे. नोकरी सांभाळून होते, म्हणून लोकप्रिय. इग्नूमध्ये प्रौढ शिक्षणात एम.ए. आहे आणि शैक्षणिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविकाही आहे. एम.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यात प्रशासन हा विषय मिळतो, पण मोठ्यांच्या शिकण्यावर भर किती, हे त्या त्या महाविद्यालयावर. दिल्लीच्या नीपा या विद्यापीठात शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरची 'मिपा' राज्यातल्या मुख्याध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षण विषयात एम.ए. करता येतं. आणि मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन व विस्तार विभाग पदवीच्या मुलांना विस्तारकार्याच्या गुणांमुळे माहीत असतो, पण त्या नावात हाच विषय दडलाय हे थोड्यांच्याच लक्षात येतं.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट तपासा: तिथे कृतिसंशोधन कसं करवून घेतात? हा शब्द उच्चारला की शिक्षकांच्या चेहऱ्यावर हसू येतं. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाइल मिळते, 'इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुका: कारणे व उपाय'. नाव बदला, शाळा बदला, बांधणी करा. मूळ कल्पना मात्र फार चांगली होती. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात ती मांडली आणि १९५३ मध्ये टीचर्स कॉलेजच्याच स्टीफन कोरी यांनी ती शाळांत रुजवायचा आग्रह धरला. ज्याची अडचण त्यानंच ती तपासायची, लहानसा बदल करून बघायचा, काय झालं ते प्रामाणिकपणे नोंदवायचं, पुन्हा बदल करायचा. प्रौढ कसे शिकतात याबद्दल वर जे काही लिहिलं ते सगळं यात आपोआप येतं: गरज स्वतःची, अनुभव स्वतःचा, निर्णय स्वतःचा. ज्या अभ्यासक्रमात ही फाइल खरीखुरी होते, त्यावर पैसे आणि दोन वर्षं घालवायला हरकत नाही.

ही पदवी सगळ्यांसाठी नाही, हेही सांगतो. फक्त वेतनश्रेणी किंवा बढती डोक्यात असेल तर आधी नियम वाचा, कारण बऱ्याच पदांसाठी ती लागतच नाही. ज्यांना डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, प्रशिक्षणाच्या कामात, स्वयंसेवी संस्थेत किंवा कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जायचंय त्यांना तिचा उपयोग जास्त. आणि राज्यात जवळपासच्या काही शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची ४,८६० पदं मंजूर आहेत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत मोठ्या माणसांसमोर उभं राहायचं काम ज्यांच्या नशिबी येतं, त्यांच्यासाठी हा विषय रोजच्या वापरातला आहे.

अशाच एका परिषदेत, स्लाइडा वाचण्याचा कंटाळा आल्यावर, आम्ही एक केलं. आदल्या दिवशी निरोप दिला: प्रत्येकानं चौथीच्या तीन मुलांच्या गणिताच्या वह्या आणायच्या, नावं झाकून. टेबलावर वह्या पसरल्या. ४०२ मधून १७८ वजा करायचे होते. उत्तर २२४. बऱ्याच वह्यांत ३७६ होतं. एक सर म्हणाले, 'लक्षच देत नाहीत हो पोरं.' शेजारच्या बाई वही उलटसुलट करून बघत होत्या. म्हणाल्या, 'लक्ष दिलंय. बघा ना, दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढलेत. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच लिहिलेत. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय.' थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या सरांनी स्वतःच्या शाळेच्या वह्या पुढे ओढल्या आणि मोजायला सुरुवात केली. चहा आला तेव्हा कुणी उठलं नाही, कप वह्यांच्या मधेच ठेवावे लागले.